दूरचा माईक

"एकदा ह्यांना सांगायलाच पाह्यजे गं वृषाली, का मला आता…"

एवढं माझ्या दोन्ही कानांत आलं आणि तिथंच तुटलं. आवाज माझ्या बायकोचा. ती स्वयंपाकघरात सुनेशी बोलत होती, आणि 'ह्यांना' म्हणजे मला. मी घराच्या पुढच्या ओट्यावर, दोन भिंती आणि एक पडवी अलीकडे, लागवडीसाठी उपटलेल्या कांद्याच्या रोपाच्या जुड्या बांधत बसलो होतो. हातात सुतळी तशीच राहिली. कानातली यंत्रं दाबून पाहिली, डोकं जरा तिरकं करून हलवून पाहिलं. वाक्याचा उरलेला भाग कुठं कडेला अडकला असेल तर पडेल आत, असा काहीतरी वेडगळ विचार. काही पडलं नाही. नुसता आमच्या पिंपरी पेंढार गावचा सकाळचा आवाज, म्हणजे हमरस्त्यावरचे ट्रक आणि वावरातल्या लावणीच्या बायकांची बोलणी, दोन्ही सारखीच भुरभुरीत. मला आता काय? मला आता कंटाळा आला. मला आता माहेरी जायचंय. मला आता ह्यांचं तोंड बघवत नाही. 'मला आता'च्या पुढं काय वाटेल ते येऊ शकतं, आणि सत्तरीचा माणूस सकाळी साडेदहाला ओट्यावर बसून त्याची यादी करायला लागला तर जेवणवेळ सहज होते. मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेलो. मिक्सरच्या फळीवर, चार्जरच्या वायरीला लावलेला माझा फोन उताणा पडला होता आणि त्याच्या काळ्या पडद्यावर एक गोल फिरत होता. अकरा दिवस मी त्याला 'नंतर, नंतर' म्हणून टाळलं होतं. शेवटी त्यानं मला न विचारता स्वतःला अपडेट करून घेतलं. बायको माझ्याकडे बघून गप्प झाली. वृषालीनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

हे ऐकणं काय होतं ते आधी सांगून टाकतो. माझे कान अधू झाले त्याला सहा वर्षं झाली. गेल्या वर्षी वृषाली मला नारायणगावला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली आणि शेंगदाण्याएवढी दोन यंत्रं घेऊन आम्ही परत आलो. ही यंत्रं फोनला जोडलेली असतात. फोनमध्ये त्यांचं एक ॲप आहे, त्यात घर, गर्दी, देऊळ अशी बटणं आहेत, आणि सगळ्यांत खाली एक बटण आहे, 'दूरचा माईक'. ते दाबून फोन टीव्हीपाशी ठेवला की टीव्हीतला माणूस थेट तुमच्या कानात बोलतो, मग तुम्ही पडवीत असा नाहीतर ओट्यावर. वृषालीनं ते मला बातम्यांसाठी शिकवलं. माझ्या बातम्या निम्मी आळी ऐकत होती, ते थांबावं हा हेतू. नवरात्राच्या आधी एकदा मी ते बटण बंद करायला विसरलो आणि फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून बाहेर आलो. ओट्यावर टेकतोय तोच एक बाई माझ्या डोक्यात हसली. खळखळून, मध्ये श्वास अडकून पुन्हा सुरू होणारं हसू. मी दचकलो. मागच्या दारानं कुणी पाहुणी आली असेल म्हटलं. मग ती बाई बोलली आणि ती माझी बायको निघाली. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिचं हे हसू ऐकलेलं नव्हतं. त्याच वेळी आत जाऊन फोन बंद करायला हवा होता. मी बसून राहिलो.

याला सवय म्हणा. मी एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली, त्यातली पहिली तेरा ऑपरेटर म्हणून. कोणत्या गावच्या एक्स्चेंजला ते सांगत नाही, तिथली माणसं अजून हयात आहेत आणि त्यांची गुपितंही. समोर भोकाभोकांचा बोर्ड, दोऱ्यांच्या टोकाला पितळी पिना, प्रत्येक जोडीखाली एक खटका. दोन्ही बाजू बोलू लागल्या की खटका पाडायचा आणि आपण मधून निघायचं, हा नियम. पण दोन्ही बाजू नीट बोलू लागल्यात की नाही हे कळायला थोडं ऐकावं लागतंच, आणि थोडं म्हणजे किती हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. मला कुणाच्या उखाळ्यापाखाळ्यांत रस नव्हता, खरं सांगतो. माणसं कशी बोलतात याचं मला अतोनात कुतूहल होतं. वाईट बातमी द्यायला फोन करणारा आधी तिकडं पाऊस आहे का ते विचारतो. भांडणारे भाऊ फोन ठेवताना एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करतात. लाईन फार खराब असली की ऑपरेटरनं मध्ये पडून इकडचं तिकडं आपल्या तोंडानं सांगायचं, अशी तेव्हा पद्धत होती. घाटाकडच्या एका पोरीचा नवरा नाशिकला कामाला होता, दर गुरुवारी तिचा कॉल असायचा. ती म्हणायची, त्यांना म्हणावं करमत न्हाई. मी ओरडायचो, ती म्हणते करमत नाही. तो म्हणायचा, मलाबी. मी इकडं सांगायचो, त्यालाही. दुसऱ्यांची अशी किती प्रेमं मी माझ्या घशातून काढली असतील. घरी येईपर्यंत आवाज बसलेला असायचा, आणि वैजयंती, म्हणजे माझी बायको, काही सांगायला जवळ आली की मी हातानंच खूण करायचो, उद्या.

आता ती माझ्याशी बोलत नव्हती. गणपतीच्या आधी मी आमची म्हैस बेल्ह्याच्या बाजारात नेऊन विकली, तिला न विचारता. म्हैस भाकड झाली होती, वैरण खात होती, सगळं खरं. पण धार वैजयंती काढायची, म्हशीचं नाव तिनं ठेवलं होतं, आणि मी टेम्पो बोलावला तो मुद्दाम ती देवळात गेल्यावर. तेव्हापासून अबोला. ओट्यावरून हाक मारली तर ओ नाही. पाठमोरी असताना काही म्हटलं तर वळून बघणं नाही. समोर जाऊन विचारलं तर माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची, दोन शब्दांत उत्तर द्यायची आणि कामाला लागायची. त्या टक लावण्यात मला ती विकलेली म्हैस दिसायची. ज्ञानेश्वर, आमचा मुलगा, चाकणला कंपनीत असतो, आठवड्याला एकदा घरी येतो. आईबापाच्या रुसव्याफुगव्यात पडायला त्याला वेळ नाही. वृषालीला विचारायचं तर सासऱ्यानं सुनेला काय विचारायचं, तुझी सासू माझ्यावर का रुसली? मग फोन हाच मार्ग होता. बॅटरी लवकर उतरते अशी तक्रार करत मी तो रोज दहाच्या सुमाराला फळीवर लावू लागलो. अडीच महिने लावला. मला एवढंच ऐकायचं होतं की रुसव्याचं कारण म्हैस आहे की आणखी मागचं काही, कारण मागचं काढायला बसलं तर आमच्याकडं माल पुष्कळ होता.

तिच्या बोलण्यात म्हैस एकदाही आली नाही. आलं ते दुसरंच. ती माझी नक्कल करायची, फोन उचलल्यावर मी 'हां, बोला, बोला, कोण पाह्यजे' म्हणतो ती, माझ्या खाकरण्यासकट, आणि इतकी हुबेहूब की मी ओट्यावर लाजायचो. शेजारच्या चिमाबाईंच्या उसात बिबट्याची बछडी सापडली तेव्हा चिमाबाईंनी वनखात्याच्या माणसांना चहा की सरबत हे कसं विचारलं, ते तिनं सांगितलं तेव्हा मला सुतळी तोंडात धरून हसू दाबावं लागलं. आणि काय हजरजबाबी बाई. वृषाली विचारायची, भाजीत मीठ घातलं का, तर ही गंभीरपणे सांगायची, मोटर मघाशीच बंद केली. वृषाली हसायची, मग थोड्या वेळानं हीपण हसायची. असली तिरकी उत्तरं ती मला कधी द्यायची नाही. आवाज कसा ठणठणीत, एकेक शब्द सुटा. वृषालीचं मात्र बरंचसं बोलणं मला दोनदा ऐकू यायचं, एकदा साधं आणि मग मोठ्यानं; तो मी माईकचा दोष समजून सोडून दिला. एकदा ती म्हणाली, "साऱ्या तालुक्याचं ऐकलं त्यांनी. माझ्यापत्तोर येईस्तवर कान संपलं." हे लागलं मला. दिवसभर लागलं. आणि तरी दुसऱ्या दिवशी दहा वाजता फोन फळीवर होताच, कारण जे लागतं तेच पुढं ऐकावंसं वाटतं, याला माझा इलाज नाही.

आणि त्या दिवशी ते वाक्य अर्ध्यात तुटलं. फोन चालू झाल्यावर मी तो घेऊन लगबगीनं ओट्यावर आलो, 'दूरचा माईक' दाबला. पडद्यावर चौकट आली, या ॲपला आवाज ऐकू द्यायचा का? खाली तीन ओळी होत्या: ॲप वापरताना, फक्त या वेळी, परवानगी देऊ नका. हे मला तेव्हा वाचता आलं नाही, चष्मा आत राहिला होता. हाताला लागेल ती खालची ओळ दाबली. पुन्हा चौकट, पुन्हा खालची ओळ. दोनदा नाही म्हटलं की अपडेट झालेला हा फोन तिसऱ्यांदा विचारत नाही. माणसं इतकी मानी नसतात. चष्मा आणून बघतो तर एकच वाक्य उरलं होतं, मायक्रोफोनची परवानगी नाकारली आहे, सेटिंग्जमध्ये जा. गेलो. तिथं ॲपला आणखी काय काय हवं होतं. जवळपासच्या वस्तू शोधायची परवानगी, म्हणजे कानातली यंत्रं सापडायला. मी कुठं आहे ते जाणून घ्यायची परवानगी, ती कशाला ते कळलं नाही. सगळ्याला हो म्हणालो. त्यावर ॲपनं मला बाहेर काढलं आणि पुन्हा नावगाव विचारून वृषालीच्या ईमेलवर आकडे पाठवले आहेत असं सांगितलं. खातं तिनं उघडून दिलेलं. इथं गाडं अडलं.

आत आलोच आहे तर बघू म्हणून मी पुढं वाचत गेलो, आणि दोन तास कसे गेले कळलं नाही. विजेरीच्या ॲपला माझे सगळे फोननंबर बघायची मुभा होती. अंधारात दिसायला तिला माझा साडू कशाला लागतो? कांद्याचे बाजारभाव सांगणारं ॲप माझ्या फोटोंवर हात ठेवून बसलं होतं. पंचांगाला मी कुठं जातो ते माहीत होतं. हे सगळं मीच कधीतरी हो हो म्हणून दिलेलं असणार. एका पानावर लिहिलं होतं, तुम्ही बरेच दिवस वापरली नाहीत अशा ॲप्सच्या परवानग्या काढून घेतल्या आहेत, आणि खाली यादी. बरेच दिवस कुणी ढुंकून पाहिलं नाही की दिलेला हक्क गुपचूप परत घ्यायचा, भांडण नाही, तंटा नाही. ही रीत मला आवडली, आणि मग ती यादी मी पुन्हा एकदा वरून खाली वाचली. ते पान बंद केलं तर पुढचं उघडलं. त्यावर माईक कुणी, कोणत्या दिवशी, किती वेळ वापरला ते लिहिलेलं होतं. सोमवार, दहा वाजून चार ते सव्वा अकरा. मंगळवार, नऊ पंचावन्न ते अकरा. एकेक दिवस, एकेक चोरी, एक्स्चेंजमध्ये आम्ही ट्रंक कॉलची तिकिटं लिहायचो तशी वेळेसकट. पुसायचं बटण मी पानभर शोधलं. नव्हतं. वर बारीक अक्षरात होतं, मागील सात दिवस.

म्हणजे अपडेटनं माझा माईक काढून घेतला आणि माझी नोंदवही उघडी केली. फोन दुरुस्त करायचा तर वृषालीच्या हातात द्यायला हवा, आणि वृषालीच्या हातात दिला तर ती हे पान बघणार, कारण ती शहाणी मुलगी आहे, सगळी पानं बघते. नाही दिला तर 'मला आता'च्या पुढं काय ते मला कधीच कळणार नाही. थेट वैजयंतीला विचारावं तर कुठं ऐकलं म्हणून सांगू? इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी मी साधा मार्ग काढला. सात दिवस थांबायचं. आठव्या दिवशी पान आपोआप कोरं होईल, मग फोन द्यायचा.

ते दिवस काढणं कठीण गेलं. तिच्या हसण्याची मला चटक लागली होती. ते बंद झाल्यावर घर इतकं निर्जीव वाटायला लागलं की मी गेलेल्या म्हशीच्या गोठ्यात जाऊन बसलो. आणि सारखं ते वाक्य. जेवताना मी तिच्याकडे बघायचो, आता सांगेल म्हणून. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना तिचे ओठ हलले, काहीतरी बोलली, मला कळलं नाही, कारण यंत्रं कानात नव्हती. जेवताना मी ती काढून ठेवतो, भाकरी चावल्याचा आवाज डोक्यात घुमतो म्हणून. काय म्हणालीस, हे विचारेपर्यंत ती चुलीकडं वळली होती. मी विचारलं तेही तिच्या पाठीला, आणि पाठ गप्प. मग घास हातात धरून मी मनातल्या मनात उजळणी करायला लागलो. सकाळी चहाच्या वेळी ती समोर असते, यंत्रं डबीत असतात. दुपारी ती पडवीत येऊन टेकते, मी डुलकी काढायला ती उतरवलेली असतात. संध्याकाळी घालतो, पण ती बातम्यांसाठी. ती माझ्याशी बोलत असताना कान मी डबीत ठेवत आलो, आणि दुसऱ्या कुणाशी बोलत असताना ते घालून बसलो. एक्स्चेंजमध्ये मी हजारो कॉल ऐकले, त्यांतला माझ्यासाठी एकही नव्हता, आणि माझ्यासाठी असलेल्या बोलण्याला मी हातानं खूण करत राहिलो. मला लाज वाटली. त्या जेवणापासून यंत्रं दिवसभर कानात ठेवायला लागलो, पण तोवर माझ्याशी बोलण्यासारखं तिच्याकडं काही उरलं नव्हतं असं दिसलं.

पाचव्या दिवशी वृषालीनं मला धरलं. टीव्ही बंद, फोन पडवीच्या खिडकीत धूळ खात, हे तिच्या नजरेतून सुटणारं नव्हतं. अपडेटनं बिघडलं का, म्हणाली, आणि मी नको नको म्हणेपर्यंत फोन तिच्या हातात होता. ती भराभर पानं उलटत होती. मी तिच्या अंगठ्याकडे बघत होतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात भर उन्हात पडलं. अंगठा थांबला. ती बराच वेळ त्या यादीकडं बघत राहिली, मग स्वयंपाकघराकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"दहा ते अकरा फोन आमच्या फळीवर असतो, आण्णा," ती म्हणाली.

मी बातम्यांचं काहीतरी बोललो.

"टीव्ही स्वयंपाकघरात न्हाई."

मग मी सांगितलं. सगळंच सांगितलं, खाली जमिनीकडं बघत. म्हशीवरून तुझी सासू रुसलीये, गणपतीपासून ओ देत नाही, कारण तर कळायला हवं, म्हणून ठेवत गेलो. किती दिवस ते विचारलं, तेही सांगितलं. मला वाटलं आता ही ताडकन उठेल आणि आत जाईल. ती उठली नाही. तिच्या तोंडावर राग नव्हता, काहीतरी दुसरंच होतं, गणित चुकलेल्या माणसाकडं बघावं तसं.

"अडीच महिनं ऐकलं तुमी," ती म्हणाली, "आन् तुमाला काहीच कळलं न्हाई?"

काय कळायचं होतं, असं मी विचारलं. ती म्हणाली, मला शपथ घातलीये, मी सांगायची न्हाई. मग तिनं आपल्या फोनवर आलेले आकडे माझ्या फोनात घातले, यंत्रं जोडली, माईकच्या पानावर 'दरवेळी विचारा' या ओळीवर खूण केली आणि फोन माझ्या मांडीवर ठेवला. दारातून वावराकडं निघताना ती वळली.

"आईंशी बोलताना मी कुठं उभी ऱ्हाती, ते बघितलंय का कधी?"

बघितलं नव्हतं. ऐकलं होतं फक्त. आता आठवायला लागलो. कढईतलं हलवता हलवता वृषाली झारा ठेवून पलीकडं जाते आणि सासूच्या पुढ्यात उभी राहून बोलते, हे मी पाणी प्यायला गेलो असताना दहा वेळा पाहिलं असेल. आणि प्रत्येक वाक्य दोनदा. आणि मिठाला मोटरचं उत्तर. आणि ठणठणीत आवाज, ज्याचं मी मनातल्या मनात कौतुक करत होतो. असा आवाज कोण काढतं हे मला कुणी सांगायला हवं होतं? सहा वर्षं मीच तो काढत होतो. ज्या माणसानं खराब लाईनवर नाशिकचं बोलणं ओळखून काढलं, त्याला आपल्या स्वयंपाकघरातलं ओळखता आलं नाही. तरीही मन म्हणत होतं, नसेल, असलं काही नसेल, रुसलीच असेल. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडं मागितलं की माझ्या बायकोचा माझ्यावर राग असू दे.

ती परसात होती. नळाखाली मेथीच्या जुड्या धूत होती, माझ्याकडं पाठ करून. परसाला लागूनच आमचं वावर, तिथं ओळीनं वाकलेल्या लावणीच्या बायका, त्यांत आता वृषालीही. मी तिच्या मागं चार हातांवर जाऊन उभा राहिलो. यंत्रं कानात होती. मला नळाचं पाणी ऐकू येत होतं, तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या. अगं, म्हणालो. पाणी वाहत राहिलं. एरवी मी इथून पाय आपटत परत गेलो असतो. मग मी जे नाव पंचेचाळीस वर्षांत तिच्यासमोर कधी घेतलं नव्हतं ते घेतलं. वैजयंती. जरा मोठ्यानं. वावरातली एक बाई मान वर करून बघायला लागली. वैजयंतीनं मेथीची पुढची जुडी उचलली.

मी वळसा घालून तिच्या पुढं गेलो. ती एवढी दचकली की जुडी हातातून पडली.

"कवा आलात? वाजलं न्हाई काही," ती म्हणाली.

तुला ऐकू येत नाही, असं मी म्हणालो. ती माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होती, तेच टक लावणं. मग तिनं नळ बंद केला, पदराला हात पुसले. डाव्या कानानं काहीच नाही, उजव्यानं तोंडापुढं बोललं तर कळतं. दोन वर्षं झाली, आता दिवाळीपासून फार वाढलंय. त्या दिवशी तुमाला सांगायचंच असं ठरवलं होतं, वृषालीला तसं बोललेही होते, पण तुम्ही पाणी प्यायला आलात आणि राहिलं. हे सगळं तिनं अगदी सहज सांगितलं, मेथीचा भाव सांगावा तसं. मग इतके दिवस का नाही सांगितलंस, म्हणून मी विचारलं. ते मात्र तिला जड गेलं.

"तुमचं कान गेलं तवा लोकं कशी बोलाय लागली ते पाह्यलं मी," ती म्हणाली. "चार वाक्याचं एक करत्यात. राहू द्या, काही न्हाई, म्हणत्यात. मीबी तसंच केलं तुमाशी. म्हटलं, माझं नगं तसं व्हायला."

मला वाटलं तू म्हशीवरून रुसलीस, असं मी म्हणालो.

"म्हशीचा राग हाये. तो येगळा."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदम, आणि मग कळलं की आता माझी पाळी आहे. सांगायचं होतं ते मी हळू, तिच्या जवळ जाऊन, दोघांतच सांगणार होतो. मी तुझं चोरून ऐकत होतो. म्हणालो तसं. ती म्हणाली, काय? मी थोडं मोठ्यानं म्हणालो. तिनं उजवा कान माझ्याकडं केला, म्हणजे आता तिला माझे ओठही दिसेनात. मग मी आवाज काढला, तेरा वर्षं बोर्डावर काढला होता तो. "मी तुझं चोरून ऐकत व्हतो. फळीवर फोन ठिवून. अडीच महिनं." वावरातल्या बायका एकेक करून उभ्या राहिल्या, हातात रोप तसंच. वृषालीनं तोंडाला पदर लावला.

वैजयंती माझ्याकडं बघत राहिली. रागावली की नाही ते मला कळेना, आणि कळावं म्हणून आता माझ्याकडं दुसरा मार्ग नव्हता, तिच्यासमोर उभं राहण्याशिवाय.

"मग काय कळलं तुमाला?" तिनं विचारलं.

"काही न्हाई," मी म्हणालो.

ते तिला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा सांगितलं, साऱ्या वावराला ऐकू जाईल असं.